पूर्वपक्षाचे तीस तास

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचे मुक्त ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे एका सत्रात तीस तास. पुढच्या वर्षासाठी असे विषय सुचवा, असे आमच्या महाविद्यालयात सांगण्यात आले तेव्हा पर्यटन, आर्थिक साक्षरता, मुद्रितशोधन, सेंद्रिय शेती असे प्रस्ताव आले. सगळे उपयोगाचे आहेत. तत्त्वज्ञान विभागातून, म्हणजे माझ्याकडून, जो प्रस्ताव गेला त्याचे नाव ‘पूर्वपक्ष’. अभ्यासमंडळापुढे तो पानभरात मांडायचा असतो. त्या पानात जे मावले नाही ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न माझ्या महाविद्यालयापुरता नाही. शिकलेला माणूस कोणाला म्हणायचे आणि श्रद्धा असणाऱ्याने शिकायचे म्हणजे काय करायचे, हे मला यातून विचारायचे आहे.

विषय थोडक्यात असा. देव, मी, शास्त्र, परधर्म आणि मरण, हे पाच प्रश्न. त्यांतल्या एकेका प्रश्नावर जे मत आपले नाही ते विद्यार्थ्याने अशा रीतीने मांडायचे, की ते मत मनापासून बाळगणारा माणूस ऐकून म्हणेल, ‘हो, हेच माझं म्हणणं आहे.’ तोवर खंडनाला हात घालायचा नाही. त्यानंतर स्वतःचा सिद्धांत लिहायचा, आणि सिद्धांत लिहून झाल्यावरही समोरचा काय म्हणेल तेही लिहायचे.

ही पद्धत मी शोधलेली नाही. आपल्या शास्त्रग्रंथांची बांधणीच तशी आहे. मीमांसेच्या अधिकरणात आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतरच सिद्धांत येतो. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हार कधी झाली असे समजायचे याची २२ कारणे दिली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतल्या दोहोंपाशी मी वर्गात नेहमी थांबते. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा सांगितले, सभेला ते कळले, आणि तरीही तुम्हाला ते पुन्हा बोलून दाखवता आले नाही, तर तुम्ही हरलात. हे अननुभाषण. उलट, तुम्ही तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला अर्थ लागला नाही, तर हार तुमची. हे अविज्ञातार्थ. ऐकणाऱ्यावर समजून घेण्याचे बंधन आणि बोलणाऱ्यावर समजेल असे बोलण्याचे बंधन. कोणाचे मत बरोबर, हे त्यानंतर बघायचे. माझ्या विषयाची परीक्षा या दोन नियमांवर उभी आहे.

सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्माविषयी शिकवता येते का, ही शंका सहकाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत काढली. शंका रास्त आहे. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते कोणावर लादता येत नाही. पण एखाद्या धर्माची दीक्षा देणे वेगळे आणि धर्मांविषयी अभ्यास करणे वेगळे. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात हा फरक स्पष्ट केला होता. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नाही असे म्हटले. तेव्हा वाट मोकळी आहे. त्या वाटेवर आपण विद्यार्थ्याला काय देतो, हा खरा प्रश्न.

राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली विद्यापीठांसाठी सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला आणि धर्माच्या शिक्षणासाठी तीन वर्षांचा क्रम सुचवला. पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस, येशू, शंकर, रामानुज, महंमद, कबीर, नानक, गांधी अशांची चरित्रे. दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांमधले सर्वांना आपलेसे वाटतील असे वेचे. तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. सगळे थोर, सगळ्यांकडून घेण्यासारखे, असे म्हणण्याची त्या काळाची गरज मी समजू शकते. पण त्या यादीत शंकर आणि रामानुज शेजारी शेजारी आहेत, आणि रामानुजांनी शंकरांचे मत मुळापासून नाकारले हे चरित्रे वाचून मुलांना कुठे कळणार? मतभेद वजा केले की धर्माच्या इतिहासातला सगळा विचार वजा होतो. उरतात ती सुविचारांची पाटी आणि जयंत्यांची यादी. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण त्यांच्या मनात डाचणारा एकही प्रश्न तिथे नसतो.

मतभेद वगळण्यामागे एक भीती आहे. वाद आला की भांडण येईल, भांडण आले की तेढ येईल. मला उलट दिसते. माझ्या वर्गातल्या मुलांना मते भरपूर आहेत, पण समोरच्याचे मत काय आहे हे विचारले की ती त्याचे व्यंगचित्र काढतात. आस्तिकाच्या मते नास्तिक चैनीखातर देव नाकारतो. नास्तिकाच्या मते आस्तिक भित्रा आणि अडाणी. भांडण लागते ते या व्यंगचित्रांचे. खरी मते समोरासमोर आली की आवाज आपोआप खाली येतात, कारण दोन्ही बाजूंना विचार करायला वेळ लागतो.

मी स्वतः माळकऱ्याच्या घरातली आहे. हरिपाठ म्हणते, एकादशी धरते, आषाढीला जमेल तसे पंढरपूर गाठते. मग नास्तिकाचे म्हणणे जोरकसपणे शिकवण्याचा आग्रह मी का धरते, असे मला घरातही विचारतात. माझे उत्तर असे. ईश्वर हा सत्यस्वरूप आहे असे मी मानते. तसे असेल तर सत्यासाठी विचारलेला कोणताही प्रामाणिक प्रश्न त्याच्या विरोधात जाऊच शकत नाही. विरुद्ध बाजू कानावर पडू नये म्हणून जो भक्त जपतो, तो स्वतःच्या खात्रीची पूजा करत असतो. खात्री हा देव नव्हे. तिच्यापुढे नारळ फोडणे हीसुद्धा एक मूर्तिपूजाच, आणि ती माझ्या विठ्ठलाच्या पूजेहून फार हलकी.

नास्तिकालाही हेच लागू आहे. देव नाही या निष्कर्षाला तो विचाराने आला असेल तर उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या बाजूने काय काय मांडले ते त्याला ठाऊक हवे. ते माहीत न करता घेतलेला निष्कर्ष हा त्याच्याही घरातून किंवा मित्रमंडळींतून चालत आलेला संस्कारच ठरतो. मग माझ्या वारशात आणि त्याच्या वारशात फरक तो काय?

या शिस्तीचे मोल जाणणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. श्रीभाष्याच्या पहिल्याच अधिकरणात रामानुजाचार्यांनी अद्वैताची बाजू इतक्या विस्ताराने मांडली आहे की त्या भागाला ‘महापूर्वपक्ष’ असेच नाव आहे. आठव्या शतकातले बौद्ध आचार्य शांतरक्षित यांनी ‘तत्त्वसंग्रह’ या ग्रंथात कुमारिल भट्टांचे श्लोकच्या श्लोक उतरून मग त्यांना उत्तरे दिली. कुमारिल हे वेदांचे कट्टर पाठीराखे आणि बौद्धांचे कडवे टीकाकार. त्यांचा ‘बृहट्टीका’ हा ग्रंथ पुढे हरवला. त्यातला काही भाग आज आपल्याला वाचायला मिळतो तो शांतरक्षितांमुळे. १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत ‘तत्त्वसंग्रह’ छापला गेला आणि एका वैदिक पंडिताचे हरवलेले शब्द त्याच्या बौद्ध प्रतिपक्ष्याच्या हातून आपल्यापर्यंत आले. ज्याला खोडायचे त्याचे शब्द इतक्या निगुतीने जपायचे, ही मला धर्मबुद्धीची परिसीमा वाटते. अहिंसा हाताने पाळता येते तशी ती वाणीनेही पाळता येते. दुसऱ्याचे म्हणणे मोडतोड न करता त्याच्यापर्यंत परत पोचवणे, ही वाणीची अहिंसा.

तृतीय वर्षाच्या वर्गात मी हे करून घेते, म्हणून प्रस्ताव हवेतला नाही. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, तालुक्याचे. वर्गात शेतकऱ्यांची मुले जास्त. त्यांतला एक मुलगा शाळेपासून अंधश्रद्धाविरोधी शिबिरांना जाणारा, वाचनाची आवड असलेला. त्याच्याकडे मी नवसाचा पूर्वपक्ष दिला. त्याने लिहून आणले: अज्ञान आणि भीती यांमुळे लोक नवस बोलतात, देवाला लाच देऊन काम करून घ्यावे अशी त्यामागची वृत्ती असते. मी विचारले, “हे तुझ्या आज्जीला वाचून दाखवलंस का?” त्याच्या आज्जीने तो लहान असताना जोतिबाला नवस बोलला होता, हे त्यानेच मला कधीतरी सांगितले होते. तो म्हणाला, “मॅडम, ती चिडेल.” मी म्हटले, “मग हे तिचं म्हणणं नाही. परत लिही.”

दोन दिवसांनी तो आज्जीचे बोलणे वहीत उतरवून घेऊन आला. ती म्हणाली होती, “लाच कोण देतंय रं देवाला? तू तापानं फणफणत हुतास. दवाखान्यात नेलं हुतंच की. डाक्टर त्याचं काम करत हुता, तुझा बाप पैशामागं पळत हुता. मी काय करायचं? नुसतं फुकट मागायचं? म्हणून मी माझ्याकडचं कायतरी कबूल केलं. अनवाणी डोंगर चढीन म्हणलं. ते मी केलं.”

त्या वहीवरून त्याने जो पूर्वपक्ष लिहिला त्यात लाचेचा शब्द नव्हता. नवस हा उपचाराला पर्याय म्हणून बोललेला नसतो. माणसाच्या हातात करण्यासारखे काही उरत नाही तेव्हा स्वतःला शब्दात बांधून घेण्याची ती रीत असते. मागणाऱ्याने आपल्या बाजूनेही काही द्यावे ही त्यात लाज असते, असे त्याने मांडले. आज्जीने ऐकून मान डोलावली. मग त्याने सिद्धांत लिहिला, तो नवसाच्या विरोधातच होता. गरिबाला कर्जात लोटणारे नवस, मुक्या जनावरांचे बळी, मूल दगावले तर ‘आपलंच काही चुकलं’ म्हणून आयुष्यभर कुढणारी आई, हे सगळे त्याने मांडले. पण हे आक्षेप आता आज्जीने मानलेल्या नवसावर होते, त्याने कल्पिलेल्या नवसावर नव्हते. आज्जीनेही त्यातला शेवटचा आक्षेप मान्य केला. त्या घरात नवसाविषयी इतके बोलणे पूर्वी कधी झाले नव्हते, असे तो म्हणाला.

दुसरी एक विद्यार्थिनी, गळ्यात तुळशीची माळ. तिच्याकडे ईश्वर नाही हा पक्ष होता. “मॅडम, हे मी माझ्या तोंडानं कसं म्हणू?” असे तिने विचारले. मी तिला मीमांसकांपासून सुरुवात करायला सांगितले. वेद अपौरुषेय मानणारे, यज्ञाला सर्वस्व समजणारे कुमारिल जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाहीत, हे वाचून ती थक्क झाली. देव नाकारणारा माणूस म्हणजे कोणी परका, हे तिचे गृहीत पहिल्याच आठवड्यात कोसळले. मग ती चार्वाकांपर्यंत, जैनांच्या ईश्वरखंडनापर्यंत, आगरकरांपर्यंत पोचली. सगळ्यांत जोरदार लिहिले ते निरपराध मुलांच्या दुःखाविषयी. करुणामय ईश्वर असताना हे का, हा प्रश्न तिने सोडवायला घेतला नाही, मऊही केला नाही.

काही दिवसांनी तिचे वडील महाविद्यालयात आले. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. बसायला सांगितले तरी उभेच राहिले. म्हणाले, “मॅडम, पोरीला नास्तिक करताय का?” आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी तिचा निबंध त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, “यात आमच्या बाजूनं तिनं काहीच लिहिलेलं नाही.” मी म्हटले, “माऊली, ते पुढच्या पंधरवड्यात. आधी समोरच्याचं पुरतं मांडायचं, असा नियम आहे.” ते थोडा वेळ गप्प होते. “मग तेही मला वाचायला पायजे,” म्हणाले आणि गेले.

त्यांना मी हमी दिली नाही, आणि ती कोणालाच देता येणार नाही. पूर्वपक्ष खराखुरा शिकला तर माणूस बदलू शकतो. एकोणिसाव्या शतकात काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे ख्रिस्ती मताचे खंडन करायला बसले. त्यासाठी त्यांनी ते मत मुळातून अभ्यासले आणि १८४८ साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी हिंदू दर्शनांचेच परीक्षण केले. गोव्यातून बुद्धाच्या शोधात निघालेले धर्मानंद कोसंबी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालून पालीचे पंडित झाले. वर्षानुवर्षे सर्व धर्म तपासून बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्धाचा मार्ग स्वीकारला. यांतली एकही वाटचाल मला अपघात वाटत नाही. ज्या अभ्यासाने कोणाचेच मत कधी बदलत नाही तो अभ्यास कोरडा. बदलण्याचा धोका पत्करून जी श्रद्धा टिकते ती त्या माणसाची स्वतःची होते. जी टिकत नाही ती बहुधा त्याची नव्हतीच. बापाच्या दृष्टीने ही जोखीम मोठी आहे, हे मला कळते. पण पोरगी मोठी झाली, शहरात गेली, कोणीतरी चार प्रश्न विचारले आणि तिची श्रद्धा एका संध्याकाळी गळून पडली, ही जोखीम याहून मोठी आहे. तिथे सोबतीला कोणी नसते.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. तो माझ्या एका विद्यार्थ्याने घेतला आणि त्याने मला बराच काळ झोप लागू दिली नाही. तो म्हणाला, “मॅडम, मनुस्मृतीचा पूर्वपक्ष मी मांडायचा का? ज्या ग्रंथाने माझ्या आजोबाला माणूस मानलं नाही, त्याची बाजू मी नीट समजून घ्यायची?” समोरच्याला न्याय द्या, हे म्हणणे सोपे असते, पण समोरचा तुमचे माणूसपणच नाकारत असेल तर? तिथे हा नियम जुन्या अन्यायाचीच नवी आवृत्ती होण्याचा धोका आहे.

याचे उत्तर मला बाबासाहेबांच्या ग्रंथव्यवहारात सापडले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. ती न वाचता जाळलेली नव्हती. पुढच्या आयुष्यात त्यांनी शास्त्रग्रंथांचा जो कसून अभ्यास केला तो सर्वश्रुत आहे. आणि १९३६ चे ‘जातिनिर्मूलन’ पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण मंडळाने होऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका समाविष्ट केली आणि तिला सविस्तर उत्तर दिले. ज्याला सभेत बोलू दिले नाही त्याने आपल्या पुस्तकात प्रतिपक्षाला जागा दिली. विसाव्या शतकातला पूर्वपक्षाचा याहून उजळ नमुना मला माहीत नाही.

पण त्यांनी ते स्वतःच्या मर्जीने केले. कोणी सक्ती केली नव्हती. म्हणून प्रस्तावात मी एक नियम घातला आहे: जे मत विद्यार्थ्याची किंवा त्याच्या समाजाची प्रतिष्ठा नाकारते, ते मांडण्याचे काम त्याला सांगायचे नाही. तो स्वतःहून घेईल तर गोष्ट वेगळी. शास्त्र कोणाचे, या प्रश्नात सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकाने करायची. ज्यांच्या घराला व्यवस्थेने मान दिला त्या मुलांनी आधी महात्मा फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ आणि ‘जातिनिर्मूलन’ यांचा पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो बरोबर उतरला की नाही हे ज्यांनी भोगले त्यांच्या वारसांनी ठरवायचे. ऐकून घेण्याचे कर्ज ज्याच्यावर जास्त, त्याने आधी फेडायचे. त्या विद्यार्थ्याला हे पटले. त्यानंतर त्याने गांधीजींची बाजू स्वतःहून मागून घेतली.

परंपरेची भलामण करून मला थांबता येणार नाही, कारण परंपरेनेही हा नियम पुष्कळदा मोडला आहे. चार्वाकांचे मत आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी सांगितले तेवढेच माहीत आहे. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त ते पहिल्याच प्रकरणात येते, ते खोडून काढण्यासाठी. जयराशीचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ १९४० साली छापून आला तेव्हा कुठे त्या बाजूच्या एका विचारवंताचा आवाज सलग ऐकू आला. बृहदारण्यकात गार्गी प्रश्न विचारत जाते तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतात, फार विचारशील तर डोके गळून पडेल. ती गप्प बसते, पण पुन्हा उभी राहते आणि सभेची परवानगी घेऊन आणखी दोन प्रश्न विचारते. सभेत कोणाला बसू दिले, कोणाला बाहेर ठेवले, हेही पूर्वपक्षाच्या अभ्यासाचा भाग आहे. शूद्रांना आणि बहुतेक स्त्रियांना त्या सभेत आसन नव्हते. आज माझ्या वर्गात ते सगळे बसलेले आहेत. म्हणूनच ही पद्धत आता पहिल्यांदा नीट वापरता येईल.

दुसरा आक्षेप असा, की यातून मुले ‘सगळ्यांचंच बरोबर’ म्हणायला शिकतील. तसे होऊ नये म्हणून सिद्धांत सक्तीचा आहे. निम्मे गुण पूर्वपक्षाला, निम्मे सिद्धांताला. कुंपणावर बसणाऱ्याला निम्मेच मिळतील. समोरच्याचे म्हणणे पुरते कळल्यावरही ते चूक आहे असे म्हणता आले पाहिजे, आणि का ते सांगता आले पाहिजे.

भक्ती वादाने सिद्ध होत नाही, मग भक्तीला वादात कशाला ओढता, असे आमचे कीर्तनकार बुवा म्हणाले. ते खरे आहे. म्हणून पूर्वपक्ष फक्त पुस्तकातून लिहायचा नाही. विद्यार्थ्याने कीर्तनाला बसायचे, बुद्धविहारात वंदना ऐकायची, चर्चमध्ये रविवारी जायचे, मशिदीतल्या मौलानांना भेटायचे, आणि त्या त्या माणसाला विचारायचे की हे करताना तुला काय उमगते. तर्काने जे सांगता येत नाही तेही समोरच्याच्या म्हणण्याचा भाग असते. ते निदान वगळले जाऊ नये.

आराखडा सांगते. देवाच्या प्रश्नाला उदयन विरुद्ध कुमारिल. ‘मी’च्या प्रश्नाला ‘मिलिंदप्रश्ना’तला राजा मिनँडर आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद. पंडित वादात अडकतात, सुटतात, पण रागावत नाहीत, आणि राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतात; बोलायचे तर पंडितांसारखे बोलू, असे नागसेन आधीच ठरवून घेतात. त्याच्या जोडीला न्यायदर्शनाचे पंडित बदरीनाथ शुक्ल यांची १९८० च्या दशकातली मांडणी. आत्मा मानणाऱ्या न्यायपरंपरेत वाढलेल्या या पंडिताने, शरीरालाच आत्मा मानूनही न्यायाचे काम चालेल का, याची शक्यता स्वतः तपासली. परधर्माच्या प्रश्नाला एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद. दोघे एकमेकांच्या देवधर्मातली उणीदुणी काढतात आणि शेवटी आलिंगन देतात. यातली तुर्काची वाक्येही नाथांनीच लिहिली आहेत, तेव्हा पैठणच्या एखाद्या मुसलमानाने त्याखाली सही केली असती का, हे विद्यार्थ्यांनी ठरवायचे. मग १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वाद. मरणाच्या प्रश्नाला जैनांची सल्लेखना. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात हा प्रश्न घरातला आहे. आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली कुंथलगिरीला ती घेतली. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने अशा व्रताला आत्महत्येच्या कक्षेत बसवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. व्रत म्हणणाऱ्याचे आणि न्यायालयाचे, दोघांचे म्हणणे मुलांनी मांडायचे. या भागात तरुण मुलांची मने सांभाळून शिकवावे लागेल, आणि तो शेवटच्या आठवड्यांत, वर्गाची एकमेकांशी ओळख पक्की झाल्यावरच घ्यावा लागेल.

हे होऊ शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९८३ साली पुण्यात दयाकृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना एकत्र बसवले. चर्चेसाठी बर्ट्रंड रसेल यांचा विधानांविषयीचा विचार होता. तो संस्कृतात मांडून पंडितांना आधीच पाठवला होता. ज्यांना आपण जुन्या पोथ्यांचे लोक समजतो त्यांनी रसेलचा पूर्वपक्ष समजून घेतला आणि त्यावर आक्षेप घेतले. १९९१ साली ती चर्चा ‘संवाद’ या नावाने प्रसिद्ध झाली. इतक्या मोठ्या माणसांनी जे केले ते अठरा वर्षांच्या मुलांना पेलेल का? पेलेल. आज्जीचे बोलणे वहीत उतरवणाऱ्या मुलाने तेच केले.

हा विषय एकट्या शिक्षकाने शिकवू नये, असे मी प्रस्तावात लिहिले आहे. वर्गात दोघे हवेत आणि त्यांची मते वेगळी हवीत. आमचे रसायनशास्त्राचे सर देव मानत नाहीत, मी मानते. गेली कितीतरी वर्षे स्टाफरूममध्ये आमचा हा वाद चालू आहे आणि आमच्या मैत्रीला त्याने खतच मिळाले आहे. ते यायला तयार आहेत. मुलांनी आमचे बोलणे ऐकावे, आम्हाला अडवावे, आमच्यापैकी कोणी दुसऱ्याचे म्हणणे चुकीचे सांगितले तर तिथल्या तिथे थांबवावे.

विद्यापीठाकडे मी नवी इमारत मागत नाही, यंत्र मागत नाही. तीस तास मागते, आणि एकाच वर्गात दोन शिक्षकांना उभे राहण्याची परवानगी. दोघांचे तास कार्यभारात कसे धरायचे ही अडचण अभ्यासमंडळाने काढली आहे आणि ती खरी आहे. पण नियमात एक ओळ घातली की ती सुटते. पदवी हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाने आयुष्यात एकदा तरी आपल्या विरोधकाचे म्हणणे त्याला पटेल असे मांडलेले असावे. एवढे झाले नसेल, तर आपण त्याला माहिती दिली, रोजगाराची तयारी करून दिली, पण सुशिक्षित केले असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.